शेळके सरांनी टीव्ही घेतला

वडनेर भोलजीच्या शाळेत मी रुजू झालो त्या सकाळी मैदानावर एक माणूस वाकून चुन्याची फक्की टाकत होता. शिपाई असेल असं समजून मी त्याला मुख्याध्यापकांची खोली विचारली. त्यानं फक्कीचं घमेलं खाली ठेवलं, हात झटकले, ते पाठीमागे बांधले आणि म्हणाला, "ते तितं हाये. पन रेघेवरून नका जाऊ, कडेनं जा."

हे आमचे पीटीचे सर, माणिकराव शेळके.

रेघांचं काम ते शिपायावर कधी सोडत नसत. रेघ वाकडी पडली की पोरगं वाकडं धावते, असं त्यांचं म्हणणं. अंगानं काटक, रंगानं काळेसावळे, मिशा बारीक कातरलेल्या. स्टाफरूममध्ये ते बसलेले मी पाहिले नाहीत. चहा उभ्यानं, बशीतून. बाकी वेळ हात पाठीमागे, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं. ती कवायतीची सवय असावी असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. त्यांच्या तोंडी सर्वांत मोठी शिवी म्हणजे 'अर्धवट'. "कराचं त पुरं कर, नाई त घरी जाऊन झोप. अर्धवट नाई पाह्यजे मले."

एकदा उन्हात संचलनाचा सराव चालला होता. आठवीतला एक मुलगा चक्कर येऊन पडला. शेळके सरांनी त्याला खांद्यावर टाकलं आणि ते पळत सुटले ते थेट दवाखान्यापर्यंत. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला त्यांनी सगळ्यांसमोर उभं केलं. "उपाशी कवायतीले आला काऊन?" मुलगा खाली पाहत राहिला. "मान सरळ. काऊन आला?" त्या घरी सकाळची चूल रोज पेटत नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवसापासून शेळके सरांच्या डब्यात दोन भाकरी जास्त यायला लागल्या. मुलाला ते मैदानाच्या कोपऱ्यात बसवून खायला लावायचे आणि स्वतः त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे.

मी हे कौतुकानं ढोले गुरुजींना सांगितलं. ढोले गुरुजी शाळेतले सर्वांत जुने. त्यांनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही आत्ता आले, खंडारे सर. पयले आले असते त हा मानूस तुम्हाले आवडला नसता."

मग त्यांनी सांगितलं ते असं. शेळके सरांचा हात पूर्वी फार वाईट होता. छडी, पट्टी, हाताला येईल ते. गावातली एक अख्खी पिढी त्यांच्या हातचा मार खाऊन मोठी झाली होती. त्यांचा स्वतःचा मुलगा दिगंबर त्याच शाळेत. आपल्या पोराला सोडलं तर बाकीच्यांना मारायचा अधिकार राहत नाही, या हिशोबानं सर त्याला सगळ्यांपेक्षा जास्त मारायचे. सव्वीस जानेवारीच्या तयारीत दिगूचा लेझीमचा ठेका चुकला. सरांनी त्याच्याच हातातलं लेझीम ओढून त्याच्या तोंडावर हाणलं. भुवई फुटली. रक्त पुसून सरांनी त्याला परत रांगेत उभा केला आणि सराव पुरा करून घेतला. पुढे दोन वर्षांनी दिगू मॅट्रिकला नापास झाला आणि निकालाच्या दिवशी घरातून गेला, त्यालाही आता पाच-सहा वर्षं झाली होती. हायवेवर एका ट्रकमध्ये चढताना त्याला कुणीतरी पाहिलं होतं. तेवढंच.

"तवापासून हात मागं बांधून राह्यते," ढोले गुरुजी म्हणाले, आणि सुपारी तोंडात टाकली.

मी शेळके सरांच्या घराच्या मागच्याच बाजूला खोली भाड्यानं घेतली होती. मधे एक बुटकी भिंत. त्यामुळे त्यांचं घर मला दिसायचं, ऐकू यायचं. म्हणजे खरं तर ऐकू यायचं नाही. त्या घरात कुणी मोठ्यानं बोलतच नसे. सरांच्या पत्नी यमुनावहिनी, मोठी मुलगी मंगला, धाकटी नंदा. दिगूचं नाव वर्षभरात मी त्या घरातून एकदाही ऐकलं नाही. वहिनी भाकरी करायच्या, निवडणं टिपणं करायच्या, सरांना वाढायच्या. पण त्यांच्याशी थेट बोलायच्या नाहीत. "मंगले, तुह्या बाबाले इचार, भाजी वाढू काय," असं समोर बसलेल्या माणसाबद्दल मुलीला विचारायच्या. सरही मुलीलाच उत्तर द्यायचे.

गावात टीव्ही येऊ लागले ते याच सुमारास. आधी किराणावाल्याकडे आला, मग ग्रामसेवकाकडे. अँटेनाचं तोंड कुणी अकोल्याकडे करायचं, कुणी भुसावळकडे, आणि छपरावरचा माणूस खाली ओरडून विचारायचा, "आलं काय?" खालचा म्हणायचा, "आलं होतं, गेलं." मंगला आणि नंदा किराणावाल्याच्या खिडकीशी उभ्या राहून पाहतात हे सरांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लोकाच्या खिडकीत उभं राहाचं नाई." मुली तेव्हापासून संध्याकाळी घरात बसू लागल्या. मी एकदा सुचवून पाहिलं की आता जुनेपाने संचही मिळतात, घेऊन टाका. "त्या डबड्यापायी पोट्ट्यायचे डोळे जातीन," ते म्हणाले, आणि विषय संपला.

मग मुंबईचे मराठी कार्यक्रम आमच्याकडे दिसू लागले. एका दुपारी स्टाफरूममध्ये ढोले गुरुजी सांगत होते. खामगावकडच्या कुणाचा तरी वेडसर भाऊ हरवला होता. पोलिसांनी त्याचा फोटो मुंबईला पाठवला, तो टीव्हीवर दाखवला आणि कल्याणला एका हॉटेलवाल्यानं त्या भावाला ओळखलं. बातम्यांच्या आसपास रोज असे फोटो दाखवतात म्हणे. गुरुजी हे सगळ्यांनाच सांगत होते. शेळके सर दारापाशी चहाची बशी घेऊन उभे होते. तास झाल्याची घंटा झाली, आम्ही सगळे उठलो, तरी बशी तशीच भरलेली.

रविवारी सकाळी त्यांनी भिंतीवरून मला हाक मारली. "खंडारे सर, नांदुऱ्याले येता काय? टीव्ही पाहाचा हाये."

सर, दोन्ही मुली आणि मी असे चौघं गेलो. वहिनींना मंगलानं विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या.

नांदुऱ्याला सलीमभाईंचं दुकान होतं. मूळ रेडिओ दुरुस्तीचं. आता अर्ध्या दुकानात टीव्ही मांडलेले. सरांनी आपली ऐपत आडपडदा न ठेवता सांगितली. सलीमभाईंनी मान डोलावली आणि तीन संच पुढे काढले. एक नवा, छोटा, केशरी प्लास्टिकचा. दुसरा मोठा, लाकडी पेटीचा, पुढे सरकती दारं असलेला, पण एका बाजूचं दार गायब, म्हणून स्वस्त. तिसरा रंगीत, वापरलेला. कुणा डॉक्टरची बदली झाली म्हणून तो विकायला ठेवून गेला होता, आणि सलीमभाई म्हणाले, "सरांसाठी मी त्याला बोलून घेतो, किमतीचं जमवून देतो. मेरे लड़के को पढ़ाया है आपने."

मंगलाचं मन दारांवर बसलं होतं. नंदाचं रंगीतवर. सरांनी संच सुरू करायला सांगितला. दुपारची वेळ, कार्यक्रम कसले असणार? काचेवर नुसत्या मुंग्या.

"कार्यक्रम संध्याकाळी लागतीन, सर. आत्ता काय दिसनार?" सलीमभाई म्हणाले.

"थांबतो मंग," सर म्हणाले.

आम्ही खरंच थांबलो. बाजारात हिंडलो, मुलींनी बांगड्या पाहिल्या, चहा झाला, परत दुकानात येऊन बाकावर बसलो. सर उभे. संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाले तेव्हा सलीमभाईंनी तिन्ही संच शेजारी शेजारी लावून दिले. शेतकऱ्यांसाठी काहीतरी होतं. फेटा बांधलेला एक बागायतदार भेंडीबद्दल बोलत होता. सर काउंटरच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले.

"नंदा, इकडे ये. इतून पाह्य. त्याच्या गालावर तीळ हाये का काचीवर डाग हाये?"

नंदा म्हणाली, "तीळ हाये बाबा. मोठ्यात दिसते. लहान्यात नाई समजत."

"त्याच्या मिशीत पांढरे केस?"

"हायेत थोडे."

मग त्यांनी सलीमभाईंना संच दाराकडे वळवायला लावला, उजेडात चेहरा पुसट होतो का ते पाहिलं. आवाजाचं त्यांनी काही विचारलं नाही. सलीमभाई हसून म्हणाले, "सर, लोकं गाने पाहून टीव्ही घेतात. तुम्ही तीळ पाहून राह्यले."

"मले मानूस वळखू आला पाह्यजे," सर म्हणाले. "बाकी काई नाई."

नंदानं शेवटचा प्रयत्न केला. "बाबा, रंगीतच घ्या ना. ते कमी करून देऊन राह्यले. त्याच्यात सारं खरं दिसते."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात पाठीमागून पुढे आलेला मी क्वचितच पाहिला होता. "फोटो काळापांढराच हाये, बेटा," ते म्हणाले.

नंदाला कळलं नाही. ती मंगलाकडे पाहू लागली. मंगलानं मान खाली घातली. सलीमभाईंनी काही न विचारता तिन्ही संचांचा आवाज बंद केला. त्यांनाही त्या घराची गोष्ट माहीत असणार, नांदुरा काही लांब नाही. एका दाराचा तो मोठा संच त्यांनी स्वतः गोधडीत गुंडाळला, एस.टी. स्टँडपर्यंत हातगाडीवर आणून दिला आणि कंडक्टरशी बोलून मागच्या सीटवर ठेवायला जागा करून घेतली.

बसमध्ये सर त्या गोधडीवर हात ठेवून बसले होते. मुली पुढे. वडनेर जवळ आलं तसं ते खिडकीबाहेर पाहत बोलायला लागले.

"निकालाच्या दिवशी मी त्याले म्हटलं, आता मले तोंड दाखवू नको. असं सारेच बाप म्हनतात. पोट्टे कुठी आयकतात? दोन दिवस मामाकडे जातात, परत येतात." गोधडीची सुटलेली कड आत खोचत ते म्हणाले, "पन आयकनारं पोरगं होतं ते, खंडारे सर. आयकलं त्यानं."

वडनेरचा थांबा आला तसा मी उठून गोधडीची एक बाजू धरली.

संच पुढच्या खोलीत बसला. अँटेनाचा पाइप सरांनी स्वतः रोवला, गावात सगळ्यांत उंच. आणि मग गावाला आश्चर्य वाटेल अशी गोष्ट झाली. शेळके सरांनी घराचं दार सताड उघडं टाकलं. ज्याला यायचं त्यानं यावं. मुलं, बाया, बाजारावरून परतणारी माणसं, हायवेवरच्या धाब्यावरची पोरं, सगळ्यांना मोकळीक. लहान मुलं पुढे, मोठी मागे, म्हातारी माणसं भिंतीला टेकून अशा ओळी ते लावायचे. लोक गाणी पाहायचे, नाटक पाहायचे, कुजबुजायचे, हसायचे. सर बोलत नसत. पण हरवलेल्या माणसांचे फोटो सुरू झाले की ते पुढे येऊन टीव्हीच्या शेजारी उभे राहायचे.

"आता बोलाचं नाई. साऱ्यायनं पाहाचं. माहे डोळे चुकतीन, तुमचे नाई चुकाचे."

आणि लोक पाहायचे. कुठला कोण म्हातारा, कुठली पंढरपूरची मतिमंद मुलगी, कुठला ठाण्याचा शाळकरी पोरगा. वडनेरच्या त्या खोलीत बसून सगळं गाव त्या अनोळखी चेहऱ्यांकडे डोळे ताणून पाहायचं. कार्यक्रम संपला की सर विचारायचे, "कोनी पाह्यलेला वाटला काय?" कुणी म्हणायचं, नाई सर. मग ते मागे जाऊन उभे राहायचे.

वहिनी पुढच्या खोलीत कधी आल्या नाहीत. स्वयंपाकघरात चुलीकडे तोंड करून बसायच्या. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा तिनं त्यांना एकदा विचारलं, तुम्ही का नाही येत पाहायला? वहिनी परातीतलं पीठ मळत होत्या. त्या म्हणाल्या, "तितं दाखोतात ते हरपलेले लोकं. माहा लेक हरपला नाई, बाई. हाकलला."

सरांनी नांदुऱ्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन दिगूची तक्रार नव्यानं लिहून दिली होती. फोटोही दिला होता. कितीतरी दिवस काही झालं नाही. ते दर आठवड्याला सायकलनं नांदुऱ्याला जाऊन विचारून यायचे. हवालदार म्हणायचा, पाठवला आहे, नंबर लागेल तेव्हा दाखवतील. आम्हाला वाटू लागलं होतं की तो फोटो कुठल्या तरी टेबलावर पडून राहिला असणार.

आणि एका संध्याकाळी तो आला.

पावसाळा संपत आला होता. खोली नेहमीसारखी भरलेली. मी दाराशी होतो. फोटो सुरू झाले. एक म्हातारी, मग एक दाढीवाला, आणि मग एकदम शाळेच्या गणवेशातला दिगू. परीक्षेच्या फॉर्मवर लावायला काढतात तसला फोटो, कान जरा पुढे आलेले, केस तेल लावून चापून बसवलेले. खोलीतून नुसता श्वास ओढल्यासारखा आवाज झाला. निवेदिका तिच्या स्वच्छ, शांत आवाजात वाचत होती. नाव दिगंबर माणिकराव शेळके. राहणार वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा. रंग सावळा, बांधा सडपातळ. अंगात पांढरा सदरा आणि खाकी पँट. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण.

मग दुसरा फोटो आला. कुणी तो पाहिला नाही.

त्या खोलीतल्या मोठ्या माणसांपैकी निम्मे लेझीमच्या त्या सरावाला मैदानावर रांगेत उभे होते. त्यांच्यासमोर ती भुवई फुटली होती. पण ती आता मुंबईच्या बाईनं परक्या, नीटनेटक्या शब्दांत वाचून दाखवली होती, आणि ते शब्द तिला याच घरातून गेले होते. सर टीव्हीच्या शेजारी उभे होते. सगळ्यांचे डोळे टीव्हीवरून त्यांच्यावर आले, मग खाली गेले.

सर म्हणाले, "ते मी मारलेलं हाये. लेझीमनं. तुम्हाले साऱ्यायले मालूम हाये. ह्या लहान्यायले नसन मालूम, म्हनून सांगून राह्यलो."

आवाज कवायतीचा होता, मान सरळ. फक्त हात पाठीमागे नव्हते. ते दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते.

तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वहिनी येऊन उभ्या राहिल्या. हाताला पीठ तसंच. टीव्हीवर तोवर जाहिरात लागली होती. त्यांनी मंगलाला मधे घेतलं नाही. सरळ नवऱ्याला विचारलं.

"कसा दिसला?"

सर म्हणाले, "लहानच दिसला."

वहिनी तिथेच उंबऱ्यावर बसल्या. बायका त्यांच्याभोवती गोळा झाल्या. पुरुष एकेक करून चपला शोधत बाहेर पडले. मीही निघालो.

पुढे काही दिवस त्या घराचं दार वाजलं की सगळे उठून उभे राहत. एकदा मलकापूरकडून निरोप आला. धाब्यावर एक पोरगा भांडी घासतो, भुवईवर खूण आहे. सर गेले. खूण होती, पण पोरगा दुसराच होता, चौदा-पंधरा वर्षांचा. दिगू तर आता चांगला बाप्या झाला असता, हे सरांच्या तेव्हा लक्षात आलं असं ते म्हणाले. त्यांनी त्या पोराला जेवू घातलं आणि बापाचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं नाही. "तुह्या मायले कळव, जित्ता हाये म्हनून. बापाले नाई कळवलं तरी चालते," एवढं सांगून ते परत आले. दुसऱ्या दिवशी तो पोरगा तिथूनही पळाला असं कळलं.

बाकी कुणी आलं नाही. काही कळलं नाही. त्या फोटोसारखा दिसणारा मुलगा आता जगात कुठेच नव्हता, आणि जो होता त्याचा फोटो कुणापाशी नव्हता.

त्यानंतर गावात घरोघरी टीव्ही आले, रंगीतही आले. शेळके सरांच्या पुढच्या खोलीतली गर्दी ओसरत गेली. शेवटी शेवटी धाब्यावरची दोन पोरं आणि एक ऐकू न येणारे आजोबा एवढेच येत. तरी फोटो लागले की सर पुढे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, साऱ्यायनं पाहाचं. मंगलाचं लग्न पिंपळगाव राजाला झालं, नंदाचं दूर नागपूरकडे. माझी बदली चिखलीला झाली. निघताना मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी आजारी होत्या. सर त्यांच्या पायांना तेल चोळत बसले होते. वहिनींनी पाय ओढून घेतला नाही, पण तोंड भिंतीकडे होतं. पुढच्याच हिवाळ्यात त्या गेल्याचं कळलं. मला जाता आलं नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, वैशाखात, मी एका लग्नाला खामगावमार्गे मलकापूरला निघालो होतो. वडनेरच्या अलीकडे बसचं इंजिन तापलं आणि ड्रायव्हरनं ती रस्त्याकडेला घेतली. तिथे तुराट्यांच्या छपराखाली पाणपोई होती. तीन-चार रांजण, ओल्या फडक्यानं गुंडाळलेले. ट्रक थांबत होते, माणसं उतरून पाणी पीत होती. एक म्हातारा लांब दांड्याच्या ओगराळ्यानं लोकांच्या ओंजळीत पाणी घालत होता. पुढच्या माणसाच्या आडून मला त्याचा चेहरा दिसला. शेळके सर. मिशा पूर्ण पांढऱ्या, डोळ्यांत मोतीबिंदूचा धुरकटपणा.

मी ओळीत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा ओंजळ पुढे केली. पाणी गार होतं. पिऊन मान वर केली तर ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते, अगदी जवळून, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"सर, मी खंडारे," मी म्हणालो.

"हो काय," ते म्हणाले. नावावरून ओळख पटलीसं दिसलं नाही. "कुठून आले?"

"चिखलीहून."

"लय लांब हाये. अजून प्या. ऊन लय हाये."

मी अजून प्यालो. मग बाजूला झालो. बाजूला होणं भाग होतं, मागे माणसं होती. माझ्यामागे ट्रकवरचा एक माणूस होता, तिशी उलटलेला, गळ्याला गमछा. त्यानं वाकून ओंजळ तोंडाशी धरली आणि सर हळूहळू धार सोडू लागले. कंडक्टरनं हाका मारायला सुरुवात केली होती. बसच्या पायरीवर चढून मी मागे पाहिलं. तो माणूस अजून पीतच होता, आणि सर थोडे वाकून त्याची मान वर होण्याची वाट पाहत उभे होते.